निखाऱ्यावरची तुरटी

तुरटी दोन तऱ्हांनी फुलते, असे प्रभावती बिरनाळे सांगत असे. तव्यावर मंद आचेला ठेवली, तर आधी ती आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळते, बुडबुडे काढते आणि हळूहळू पांढरी, हलकी लाही होऊन पसरते. निखाऱ्यावर टाकली, तर तिला पसरायला जागा मिळत नाही. मग ती मिळेल त्या बाजूने वेडीवाकडी वर चढते. तव्यावरच्या लाहीची पूड होते आणि घरात शंभर कामांना येते. निखाऱ्यावरच्या लाहीने काय होते, ते तिला पुढे कळायचे होते.

प्रभावती मूळची कोडोलीची. राजारामपुरीतल्या एका आतल्या गल्लीत, चार बिऱ्हाडांच्या बैठ्या इमारतीत ती लग्न होऊन आली, तेव्हा माहेरची एकच विद्या तिच्या हातात होती: रद्दी कागद भिजवून कुटायचा, त्यात मेथी वाटून घालायची आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून टोपली करायची. कोडोलीच्या टोपल्यांना दोन पावसाळ्यांत कसर लागे. प्रभावतीच्या टोपल्यांना लागत नसे, कारण ती लगद्यात तुरटीची पूड घाली. ही युक्ती बायकोच्याच डोक्यातली, असे तिचा नवरा धनपाल आल्यागेल्याला सांगे. ते तितकेसे खरे नसावे. धनपाल पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता आणि बांधणीवाले खळीत तुरटी पूर्वापार घालतात. युक्ती त्याच्याच हातून घरात आली असेल आणि श्रेय त्याने बायकोला देऊन टाकले असेल, असे मानायला जागा आहे.

पुढचे सगळे मात्र निःसंशय तिचे. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून ती तुरटीचे ढेकूळच आणी. त्याची काही लाही करी, काही तशीच खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करी आणि बरण्यांत भरून ठेवी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, की चिमूटभर पूड हंड्यात फिरवायची. डाळिंबाच्या सालीत कापड रंगवायचे, तर आधी ते तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यायचे, म्हणजे रंग धुण्यात जात नाही. मैदा, मीठ आणि तुरटी मळून गोळा केला, की पोरांना त्याचे बैल, चुली, पाटे-वरवंटे करता येतात आणि गोळा आठवडाभर आंबत नाही. कढत पाण्यात विरघळेल तेवढी पूड विरघळवून त्यात दोरा सोडून ठेवला, की सकाळपर्यंत दोऱ्याला काचेसारखे खडे धरतात. गल्लीतली पोरे तिला तुरटीकाकू म्हणत. तिला मूल नव्हते. ही गोष्ट गल्लीत कुणी बोलून दाखवत नसे. त्या काळात तशी गरजही पडली नव्हती.

शेजारच्या दोन खोल्यांत रुद्रय्या आणि दानम्मा राहत. रुद्रय्या नेसरीचा, त्याचे मसाल्याचे दुकान होते. दानम्माचे माहेर सीमेपलीकडचे. नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिला मराठी धड येत नव्हते आणि नळावरच्या बायका तिच्या बोलण्याला हसत. प्रभावती तिला कधी हसली नाही. दानम्मा तिला अक्का म्हणू लागली, आणि म्हणण्यापुरते नव्हे. पहिल्या बाळंतपणानंतर दानम्मा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची मुलगी पवित्रा प्रभावतीच्या मांडीवरच अधिक वाढली.

दुपार झाली, की पवित्रा उंबरा ओलांडून यायची. तव्यावर तुरटी फुलू लागली, की दोघींचा एक खेळ ठरलेला होता. लाही जो आकार घेई, त्यात काय दिसते ते पहिल्यांदा जिला सुचेल, तिने बोलायचे.

"उंट," पवित्रा म्हणायची.

"उंट कुठला? ते तुझे बाबा हायत. दुपारचं पोट वर करून झोपल्यात बघ."

"मग शेपूट कुणाचं?"

"ते त्यांनाच इचार जा."

रुद्रय्याला खरेच विचारले जाई, आणि तो भिंतीपलीकडून ओरडे, "वैनी, पोरीला काय बी शिकवू नका की!"

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पवित्राला ताप आला. ती आठ वर्षांची होती. ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरने रक्त तपासले, टायफाइड सांगितला आणि इंजेक्शने सुरू केली. औषधाला गुण यायला काही दिवस लागतील, असेही त्याने सांगितले होते. पण तापलेल्या पोरीच्या उशाशी बसलेल्या आईला 'काही दिवस' हे माप समजत नाही. दानम्माने चिमणाबाईला बोलावणे धाडले.

चिमणाबाई पलीकडच्या गल्लीत राही. दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारे कुणी नाही, अशी तिची ख्याती. तिची रीत अशी: तुरटीचा खडा मुलावरून ओवाळायचा, निखाऱ्यावर टाकायचा आणि फुलू द्यायचा. ज्या माणसाची दृष्ट लागली असेल, त्याचे रूप तुरटी घेते, अशी समजूत. बायका वाकून बघत, जिला जे दिसायचे ते दिसे. पण नाव मात्र कुणी घ्यायचे नाही. मग ती लाही डाव्या टाचेखाली चिरडून तीन वाटांच्या तिकटीवर फेकून द्यायची.

दानम्मा प्रभावतीच्या दारात आली. तिच्या डोळ्यांखाली काळे पडले होते.

"अक्का, तुरटीचा मोठा खडा हाय काय? दुकानातली सगळी चुऱ्याची निघाली. चिमणाबाई येऊन बसलीया."

"हाय की. तू हो म्होरं, मी घेऊन येतो."

प्रभावतीने ढेकूळ फोडून त्यातला चांगला, स्वच्छ खडा निवडला. दृष्ट लागण्यावर तिचा विश्वास होता का? धनपालचा नव्हता आणि तो तसे उघड म्हणे. प्रभावतीने त्याचा विचारच केला नसावा. शेजारणीला खडा हवा होता आणि तिच्याजवळ तो होता.

खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या. चिमणाबाईने खडा ओवाळला, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पाप्याचांडाळाची" असे पुटपुटली आणि खडा शेगडीत टाकला. खडा पाझरला, तडतडला आणि चढू लागला. खाली निखारा एका बाजूला जास्त पेटलेला होता, म्हणून लाहीही एका बाजूने जास्त फुगली. मोठा गोल गोळा झाला आणि त्याच्या मागच्या अंगाला कलता, छोटा गोळा.

बायका वाकल्या. 

"काकू, काय झालंय त्याचं?" अंथरुणातून पवित्राने विचारले. कितीतरी दिवसांत तिने स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द होता.

खेळाचा नियम प्रभावतीच्या जिभेवर बसलेला होता: पहिल्यांदा सुचेल, तिने बोलायचे. शिवाय पोर बोलली, याच आनंदात ती होती.

"अगं, हे तर माझ्यागतच झालंय की. हे बघ डोस्कं, आन ह्यो मागं अंबाडा."

पवित्रा हसली. कोरड्या ओठांनी, आवाज न करता, पण हसली. तिच्याखेरीज त्या खोलीत कुणी हसले नाही. प्रभावतीचा अंबाडा मोठा होता आणि एका बाजूला कलता असे, हे सगळ्यांना ठाऊक होते. दानम्माने आधी शेगडीकडे पाहिले, मग प्रभावतीकडे, आणि मग पदर पोरीच्या तोंडावर ओढून घेतला, जणू ऊनच आले असावे.

चिमणाबाईने लाही चिमट्याने उचलली. दाराबाहेर पडता पडता ती म्हणाली, "मी काय म्हणलं न्हाई बाई. कुणीच म्हणलं न्हाई. जिचं तिनंच म्हणलं."

त्या वाक्याचा अर्थ प्रभावतीला घरी येऊन, हात धुताना लागला.

तिसऱ्या दिवशी पवित्राचा ताप उतरला. इंजेक्शने त्याआधी चालू झाली होती, आणि डॉक्टरने दिलेला अंदाजही तोच होता. पण गल्लीच्या हिशेबात इंजेक्शनाला तोंड नव्हते, चिमणाबाईला होते. पोर बरी झाली आणि तिथेच प्रभावतीचा घात झाला. पोर गेली असती, तर लोकांनी डॉक्टरला बोल लावला असता. ती वाचली, म्हणजे दृष्ट होती; दृष्ट होती, म्हणजे ती कुणाची तरी होती; आणि ती कुणाची, हे तर प्रभावतीनेच सांगितले होते. पवित्राचा ताप उतरावा म्हणून प्रभावतीने गोड सोडले होते. ताप उतरल्याचे कळले, तेव्हा तिने मंदिरात जाऊन हात जोडले आणि दानम्माच्या घरी द्यायला शिरा केला. दानम्माने वाटी घेतली. संध्याकाळी ती वाटी घासून, पालथी घालून, प्रभावतीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेली सापडली. शिरा नळाजवळच्या कुत्र्यापुढे होता.

"जातो आन इचारतो रुद्रय्याला," धनपाल म्हणाला. "दोन शब्दांत मिटंल."

"नको. तापातनं उठलीया पोर. घरात भांडण नको." प्रभावतीने त्याला हाताला धरून बसवले. "चार दिसांत इसरतील."

विसरण्याजोगे ते राहिलेही असते, पण भाद्रपद आला. दशलक्षण पर्व संपले, की जैनांच्या घरी क्षमावणीचा दिवस येतो. जाणता-अजाणता कुणाचे मन दुखवले असेल, तर क्षमा मागायची. सगळ्यांची मागायची, ज्याचे काही बिघडवले नाही त्याचीसुद्धा. लग्न होऊन आल्यापासून प्रभावती दरवर्षी इमारतीतल्या प्रत्येक दारात हात जोडून उभी राही. दानम्माही तिला हसून म्हणे, "तुमचं काय चुकतंय अक्का, उलट आमचंच चुकतंय." त्या वर्षी दारे गाळावीत, असे प्रभावतीच्या मनात आले नाही, उलट, हीच वेळ आहे, असे तिला वाटले. ती दानम्माच्या दारात गेली. ओटीवर रुद्रय्याची आई आणि दोन पाहुण्या बसल्या होत्या.

"माझं काय जाणता-अजाणता चुकलं आसंल, तर क्षमा करा," प्रभावती म्हणाली. दरवर्षीचेच शब्द होते ते.

दानम्मा उभी राहिली. "अजाणता?" तिने विचारले. "बरं. अजाणता तर अजाणता. पर पोरीकडं आता बघू नका." मग सासूकडे वळून ती कानडीत काही बोलली. प्रभावतीला कानडी येत नव्हते. पण पाहुण्यांनी माना हलवल्या, त्यावरून आपण काय कबूल करून बसलो, ते तिला उमगले. शब्द परत घ्यायचा, तर क्षमा परत घ्यावी लागणार होती, आणि तशी रीत नाही.

त्यानंतर भांडण असे कधी झालेच नाही. झाले असते, तर कदाचित मिटले असते. पोरे हळूहळू यायची बंद झाली. एखादी आई "अभ्यास हाय त्याला" म्हणे, एखादी काहीच म्हणत नसे. बारशाचे बोलावणे धनपालच्या नावाने येई आणि "वैनींना बरं नसंल तर ऱ्हाऊ दे" अशी सोय सोबत येई. नळावर ती आली, की कडेवरची पोरे दुसऱ्या कडेवर जात. तुरटीकाकू हे नाव टिकले, पण आता ते मोठी माणसे घेत, आणि तिच्या पाठीमागे.

प्रभावतीने टोपल्या करणे थांबवले नाही. राजारामपुरीतलाच एक दुकानदार त्या घेई. दोऱ्याला खडे धरवणे मात्र सुटले. ते कुणाला तरी दाखवण्यासाठीच असते. पवित्रा भिंतीपलीकडे वाढत होती. तिचा पाढे म्हणण्याचा आवाज येई, पुढे इंग्रजी धडे मोठ्याने वाचण्याचा, आणि मग नुसताच मोबाइलवर हळू बोलण्याचा. समोरासमोर आली, तर ती मान खाली घालून जाई. प्रभावतीला कुणाची क्षमा नको होती, न्यायही नको होता. पोरीने एकदा उंबरा ओलांडून आत यावे, एवढेच तिला हवे होते. धनपालजवळ ती हे एकदाच बोलली, आणि धनपाल म्हणाला, "ती चूक त्यांची हाय. ती त्यांनीच काढाया पायजे. आपुन खरं सोडायचं न्हाई."

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात पंचगंगेला महापूर आला. राजारामपुरी उंचावर, तिथे पाणी चढले नाही. पण नळ बंद पडले आणि टँकरचे, विहिरीचे, मिळेल ते गढूळ पाणी लोक भरू लागले. तुरटी बाजारातून नाहीशी झाली. तेव्हा गल्लीला प्रभावतीच्या बरण्या आठवल्या. जी माणसे वर्षानुवर्षे तिच्या दारापुढून मान वळवून गेली होती, ती भांडे घेऊन आली. तिने पुड्या बांधल्या आणि किती पाण्याला किती घालायची, ढवळून किती वेळ ठेवायचे, हे प्रत्येकाला सांगितले. दानम्माच्या घरचे कुणी आले नाही. त्यांच्या चुलीवर पाणी उकळण्याचा आवाज भिंतीतून येत राही.

नळ सुरू झाल्यावर, एका दुपारी दारात सावली पडली. पवित्रा उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर.

"काकू, जरा बोलायचं हुतं."

"आत ये की."

"इथंच बरी हाय." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "माझं लगीन ठरलंय. दिवाळी झाली की. निपाणीचं स्थळ हाय."

"कळलं मला. भिंत पातळ हाय."

पवित्रा किंचित हसली. "रुखवत करायचाय. विकतचं आणायला आई तयार हाय, पर मला हातानं केल्यालं पायजे. तुमच्याकडनं शिकायचं हुतं. टोपल्या, रंगाचं कापड, ते काचेगत खडं." ती थांबली. "आन लग्नाला बी तुम्ही पायजे. मी आईला तसं म्हणलंय."

"मग?"

"आई म्हणती, ती कबूल झाली तर येऊ दे. न्हाईतर मांडवात कुणाची नजर कुठं पडंल, सांगता येत न्हाई." पवित्राने घाईने पुढे म्हटले, "मी तुमच्यावर राग धरल्याला न्हाई काकू. खरंच. तुम्ही मुद्दाम केलं न्हवतं. ज्या बाईला पोर नसतंय, तिची लागतीच. त्यात तिचा काय दोष? मी आईला हेच सांगत आलोय."

ती मनापासून बोलत होती. तिच्या आवाजात दया होती, आणि त्या दयेवर बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

प्रभावतीने हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाली, "तुला आठवतंय त्या दिवशीचं? तू इचारलंस, काय झालंय त्याचं. मी म्हणलं, माझा अंबाडा झालाय. आन तू हसलीस."

"मी?" पवित्राने आठवून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले. "न्हाई काकू. तापात हुतो मी. मला काय सुदीक आठवत न्हाई."

"आपुन खेळायचो ते? तव्यावरचं?"

"लहान हुतो की हो मी."

त्या खोलीत तेव्हा जेवढी माणसे होती, त्यांतली चिमणाबाई वारली होती. बाकीच्यांना आपण काय पाहिले, ते पक्के ठाऊक होते. प्रभावती थट्टा करत होती, हे सांगू शकणारे एकच माणूस त्या वेळी हसले होते, आणि त्याला ते आठवत नव्हते. अकरा वर्षे प्रभावती त्याच एका साक्षीच्या भरवशावर गप्प बसली होती, हे तिला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "लागली आसंल माझीच. चुकलं माझं. सांग आईला."

पवित्राचा चेहरा मोकळा झाला. "बघा, एवढंच हुतं की," असे म्हणून तिने चपला काढल्या आणि ती आत आली. खोलीभर पाहिले, पाटावर बसली, बरणीचे झाकण उघडून वास घेतला. "ह्याला वासच न्हाई की काकू." तिने पाणी मागितले. प्रभावतीने दिले. पवित्रा ते उंच धरून, वरून प्यायली.

धनपाल कामावरून परतला, तेव्हा दाराबाहेर मुलीच्या चपला होत्या. त्या पाहून तो ओट्यावरच थांबला. पवित्रा त्याला वाकून नमस्कार करून गेली.

"काय सांगितलंस तिला?" त्याने विचारले.

"तिला पायजे हुतं ते."

"लागली म्हणून?"

"व्हय."

"खोटं बोललीस."

"दानम्मानं अकरा वर्सं खरं म्हणून धरलंय ते. मी एकदा म्हणलं, त्यानं काय वाढलं?"

"वाढलं न्हाई, माझं गेलं की," धनपाल म्हणाला. "मी गल्लीत ताठ मानेनं चालत हुतो. माझ्या बायकोनं काय केलं न्हाई, एवढं एकच माझ्याकडं हुतं."

 ताटे वाढलेली होती. दोघे त्यांच्यापुढे बसून राहिले, आणि बाहेर दिवस मावळला. सूर्यास्तानंतर त्या घरात कुणी जेवत नसे. प्रभावतीने अन्न झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पवित्रा रद्दीचा गठ्ठा काखेत घेऊन निघाली. प्रभावतीने भिजवायला घमेले काढले होते. बाहेर दानम्माचा आवाज आला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, पण त्यात राग नव्हता, मोठे मन होते.

"जा की, जा. आता काय भ्यायचं कारण न्हाई. कबूल झालीया ती."

पवित्रा उंबरा ओलांडून आत आली आणि गठ्ठा खाली ठेवला. "किती बारीक फाडायचा काकू?"

"बोटभर," प्रभावती म्हणाली, आणि कागद फाडून दाखवू लागली.